आधी सावली पाहावी

कपाटात मागे पडलेला छोटा कॅमेरा आज बाहेर काढा. कुणाच्या तरी लग्नाआधी हौसेनं घेतलेला, खिशात मावणारा, पुढे मोबाईल आला म्हणून विसरलेला. बॅटरी रात्रीच चार्ज करून ठेवा. सकाळचा चहा झाला की तो मांडीवर घेऊन बसा. मी धंतोलीत राहतो, म्हणून हे मनन नागपुरातल्या धंतोलीच्या गल्ल्यांतून चालेल. तुम्ही तुमच्या गल्लीतून चाला. एक भाग वाचावा, कॅमेरा उचलावा, जरा पाहावं, मग पुढचा भाग वाचावा. एका बैठकीत संपवायची गरज नाही.

एक नेम आधीच ठरवू या. फक्त बारा फोटो. कार्डावर हजारो मावत असले तरी बाराच.

हा आकडा माझ्या बाबांच्या कॅमेऱ्याचा आहे. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला हा साधा, काळा कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकांत कितीतरी मध्यमवर्गीय घरांत असायचा. एका रोलवर चौकोनी बारा फोटो यायचे. उन्हासाठी एक खूण, ढगाळ हवेसाठी एक खूण. झूम नव्हता. एकदा रोल घातला की बाबा तो दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत पुरवायचे. फोटो काढण्याआधी ते अंगणात उभे राहून बराच वेळ जमिनीकडे बघत. आम्ही भावंडं रांगेत उभी, कपाळावर घाम, आणि हे खाली काय बघताहेत ते आम्हाला उमगायचं नाही. ते सावली बघत होते, हे मला फार उशिरा कळलं.

आजचं मनन तेवढंच आहे. आधी सावली पाहावी.

हातात घेणं

कॅमेरा सुरू करू नका. नुसता हातात धरा. त्याचं वजन जाणवू द्या. भिंगाकडे बघा. वर्षानुवर्षं खिशात, पर्समध्ये राहिलेल्या भिंगावर बोटांचा तेलकट डाग असतो. फोटो पुसट येतात, दिव्यांभोवती धुकं दिसतं, आणि आपण म्हणतो, कॅमेरा जुना झाला. स्वच्छ, मऊ सुती कापड घ्या. आधी हलकी फुंकर मारून धूळ उडवा, मग मधून बाहेर गोल फिरवत अलगद पुसा. देवघरातली समई पुसतो तितक्या सावकाश.

आता आत काय आहे त्याचा विचार करा. बहुतेक साध्या कॅमेऱ्यांत उजेड टिपणारा जो सेन्सर असतो, तो साधारण 6 मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद असतो. करंगळीच्या नखाहून लहान. बाबांच्या पिढीतल्या 35 मिलिमीटर फिल्मची एक चौकट त्याच्या तीसपट मोठी होती. एवढ्याशा तुकड्यावर मावेल तेवढाच उजेड या कॅमेऱ्याला मिळतो. उजेड भरपूर असेल तर तो सुरेख काम करतो. उजेड अपुरा पडला की फोटोत रवाळ ठिपके येतात, रंग मळतात.

मोबाईल एका दाबात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांत मिसळतो आणि अंधारा कोपरा स्वतःच उजळून देतो. साधा कॅमेरा एवढं करत नाही. समोर जसा उजेड असेल तसा तो घेतो. म्हणूनच उजेड पाहण्याचं काम आपल्याकडे येतं, आणि ते काम करता करता आपल्याला पाहायला येऊ लागतं. मला या छोट्या यंत्राबद्दल माया वाटते ती यासाठी.

सावलीची कड

पांढरा कागद घेऊन अंगणात किंवा गॅलरीत, जिथे थेट ऊन येतं तिथे ठेवा. त्यावर आपला पंजा धरा, कागदापासून चार बोटं वर. सावलीची कड बघा. सुरीनं कापल्यासारखी असेल. आता हात हळूहळू वर न्या, हातभर. कड विरघळू लागते. बोटांच्या मधल्या फटी भरून येतात.

आता तोच कागद घरात, जिथे ऊन येत नाही पण आकाश दिसतं अशा खिडकीपाशी न्या. पंजा धरा. सावली आहे, पण तिची कड सांगता येत नाही. दूध पाण्यात मिसळावं तशी ती कागदात मिसळते.

दोन मिनिटं हेच करत राहा. फोटो काढू नका.

सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो. दिवा एवढासा असला की सावली कडक पडते. ढग आले की सगळं आकाशच एक मोठा दिवा होतं आणि सावली मऊ होते. खिडकीही तसाच मोठा दिवा आहे. माणसाच्या चेहऱ्यावर नाकाची, भुवईची, हनुवटीची सावली पडते ती याच नियमानं. कडक सावलीत सुरकुती खोल दिसते, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. मऊ सावलीत तीच सुरकुती चेहऱ्यात राहते, पण बोचत नाही. कागदावर हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुठल्याही खोलीत शिरताना तुमची नजर आधी सावलीच्या कडेकडे जाईल.

सावलीची लांबी

आता बाहेर या. भर उन्हात उभे राहा आणि स्वतःची सावली बघा. किती लांब आहे?

नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला 21 अंशांच्या थोडं पुढे, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा अलीकडे आहे. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो. 26 मेच्या सुमारास दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. दुसऱ्यांदा हेच जुलैच्या मध्यावर घडतं, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मे महिन्याच्या त्या दुपारी धंतोलीत रस्ता पांढरा पडलेला असतो, कूलर घरघरत असतात, बाहेर चिटपाखरू नसतं. अशा उन्हात कुणाला उभं करून फोटो काढला तर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात आणि नाकाची सावली ओठावर पडते. माणूस तोच, पण चेहरा ओळखू येत नाही. तेव्हा त्याला दोन पावलं सावलीत बोलवावं. व्हरांड्याच्या कडेला, तोंड बाहेर आकाशाकडे. कडुनिंबाखाली उभं करायचं असेल तर पानांतून पडणारे कवडसे टाळून, जिथे सावली एकसंध आहे तिथे. अशा सावलीत फोटो निळसर येतो, म्हणून व्हाइट बॅलन्सच्या सेटिंगमध्ये ढगाची किंवा सावलीची खूण निवडावी. कातडीचा रंग परत येतो.

आणि डिसेंबर? 22 डिसेंबरच्या आसपास भर माध्यान्हीला, सव्वाबाराच्या सुमारास, नागपुरात सूर्य क्षितिजापासून सुमारे 45 अंशांवर असतो. म्हणजे त्या वेळी आपली सावली जवळजवळ आपल्याच उंचीची असते. स्टुडिओत फोटो काढणारे मुख्य दिवा साधारण याच कोनात वर धरतात. थंडीत आपल्या शहराचं आकाश भर माध्यान्हीला तो दिवा तसाच धरतं.

सावलीची लांबी मोजणं हे मला घड्याळ बघण्यासारखं वाटतं. सावली आपल्याहून आखूड, तर माणसाला आडोशाला न्या. आपल्याएवढी किंवा लांब, तर उन्हातच राहा आणि चेहरा किंचित वळवा. एवढं कळायला कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक लागत नाही.

आता डोळे मिटा. तुमच्या अंगणात, गच्चीवर, जिन्यावर आत्ता ऊन कुठे असेल ते आठवा. दुपारी चारला ते कुठे सरकलेलं असेल? ज्या घरात आपण वर्षानुवर्षं राहतो, त्या घरातल्या उन्हाचा रस्ता आपल्याला माहीत असतो का?

संत्रं आणि वाती

खिडकीपाशी स्टूल ठेवा. त्यावर एक संत्रं ठेवा. नागपूरकरांच्या घरी संत्रं शोधावं लागत नाही. शेजारी देवघरातल्या कापसाच्या चार वाती ठेवा, आणि दुसऱ्या बाजूला काळा खलबत्ता.

कॅमेरा सुरू करा. फ्लॅश बंद करा, विजेच्या बाणाच्या खुणेवर तिरकी रेघ दिसेपर्यंत. फुलाची खूण असलेला मोड निवडा, म्हणजे जवळचं स्पष्ट येईल. आता फक्त वातींनी चौकट भरा आणि पहिला फोटो घ्या.

पडद्यावर बघा. वाती करड्या आल्या असतील. विदर्भाचा पांढराशुभ्र कापूस धुरकट का दिसतो? कॅमेऱ्याला समोर काय आहे ते ठाऊक नसतं. जे दिसेल ते सरासरी मध्यम राखाडी असणार असं धरून तो उजेड मोजतो. पांढरं दिसलं की तो त्याला खाली ओढतो, काळं दिसलं की वर. अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण शोधा. ते अधिक 0.7 किंवा अधिक 1 वर न्या आणि दुसरा फोटो घ्या. वाती पुन्हा पांढऱ्या झाल्या. आता खलबत्त्यानं चौकट भरा, उणे 0.7 वर या, तिसरा फोटो घ्या. काळं काळं राहिलं.

या एका बटणानं माझे जितके फोटो सुधारले तितके दुसऱ्या कशानंही सुधारले नाहीत. पांढऱ्या धोतरातले आजोबा, शाळेच्या पांढऱ्या गणवेशातली मुलं, चुन्यानं रंगवलेली भिंत, यांना थोडं अधिक द्यावं. काळ्या पाषाणातली मूर्ती, गडद साडी, म्हैस यांना थोडं उणं. समोरची वस्तू खरी कशी आहे हे आपल्याला माहीत असतं. ते कॅमेऱ्याला सांगणं हे आपलं काम आहे.

आता कॅमेरा बाजूला ठेवा आणि नुसतं संत्र्याकडे बघा. खिडकीकडची बाजू उजळ. मग केशरी गडद होत जातं. सालीवरचे बारीक खड्डे कडेच्या उजेडात एकेक दिसतात. शेवटी मागे सावली, आणि त्या सावलीतही स्टुलावरून परतलेला जरासा उजेड. सावलीच्या बाजूला तुमचा पांढरा कागद उभा धरा. संत्र्याचा अंधारा गाल किती उजळला? तो काढून घ्या. पुन्हा धरा. माणसाच्या चेहऱ्यालाही एवढंच लागतं. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला पांढरी भिंत किंवा कुणीतरी धरलेली चादर.

बारातले तीन संपले. संत्रं सोलून खा.

श्वास

आता बाहेर पडू. रस्त्यावर येण्याआधी उभं राहायला शिकू.

हात लांब करून पडद्याकडे बघत फोटो काढायची आपल्याला सवय लागली आहे. लांब केलेला हात हलतो. कोपरं बरगड्यांना टेकवा. पाय खांद्याएवढे फाकवा. जवळ खांब, झाड किंवा कंपाउंडची भिंत असेल तर तिला पाठ लावा. श्वास घ्या. निम्मा सोडा. तिथे क्षणभर सगळं शरीर निवांत असतं. त्या क्षणी बटण दाबा.

बटणही दोन टप्प्यांत दाबायचं असतं. अर्धं दाबा. कॅमेरा अंतर जुळवतो, उजेड मोजतो, हिरवी चौकट दिसते. बोट तिथेच ठेवा. आता काय दिसतंय ते पुन्हा एकदा बघा. मग उरलेलं अर्धं दाबा. साध्या कॅमेऱ्यात दाबणं आणि फोटो निघणं यात वेळ जातो, मूल तोवर चौकटीबाहेर पळतं, अशी आपली तक्रार असते. त्यातला बराचसा वेळ या जुळवाजुळवीत जातो. अर्धं दाबून वाट पाहिली तर मूल हसताक्षणी फोटो मिळतो.

अर्ध्या दाबावर थांबलेलं बोट मला फार आवडतं. घ्यायचं ठरलं आहे, अजून घेतलेलं नाही. त्या थोड्या वेळात समोरचं जग जितकं स्पष्ट दिसतं तितकं एरवी क्वचित दिसतं. कडुनिंबाचं एखादं पान निवडा, सूर्य त्याच्या मागे येईल असे उभे राहा. आपल्या कॅमेऱ्याच्या भिंगाला ऊन अडवणारी झालर नसते, म्हणून झाडाच्या खोडाची सावली कॅमेऱ्यावर पडेल अशी जागा शोधा, किंवा दुसऱ्या हाताचा आडोसा करा. पानाच्या शिरा आतून उजळल्या आहेत. अर्धं दाबा. थांबा. घ्या.

हा चौथा.

जवळ जाणं

धंतोलीत अजून काही जुनी बैठी घरं तग धरून आहेत. लोखंडी फाटक, फाटकावर वेल, आत तुळशीवृंदावन. अशा एखाद्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहा. झूम पूर्ण पुढे न्या आणि फोटो घ्या. पाचवा.

आता झूम मागे घ्या, रस्ता ओलांडा, फाटकाच्या जवळ जा. सहावा.

घरी गेल्यावर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. झूम पुढे गेला की बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत भिंगातून येणारा उजेड साधारण चौथाईवर येतो आणि हाताची थरथर तितकीच वाढून दिसते. डिजिटल झूम तर नुसता फोटोचा तुकडा कापून ताणतो, तो कायमचा बंद करून ठेवावा. सहाव्या फोटोत गंजाचे पापुद्रे दिसतील, वेलीच्या तणाव्याची गुंडाळी दिसेल. आणखी एक दिसेल. जवळ गेल्यावर आपण फाटकाशी बोलण्याच्या अंतरावर येतो. आतून कुणी विचारलं, काय हवंय, तर उत्तर द्यावं लागतं. "तुमचं फाटक फार छान आहे, फोटो काढू का?" असं विचारलं की बहुधा माणसं हसून हो म्हणतात आणि घराची गोष्ट सांगतात. ती गोष्ट फोटोत दिसत नाही, पण पुढच्या वेळी त्या फाटकाकडे बघताना आठवते.

फोटो घेण्याआधी चौकटीच्या चारी कडांवरून एकदा नजर फिरवा. डोक्यामागून उगवलेला विजेचा खांब, कोपऱ्यातली अर्धी स्कूटर, आडवी गेलेली केबल. एक पाऊल डावीकडे सरकलं की बहुतेक अडगळ झाकली जाते. लहान मुलासाठी गुडघ्यावर बसा. ओट्यावर बसलेल्या आजींसाठी ओट्याच्या पायरीवर बसा. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या.

थांबणं

दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुणाला भांडवल घालावंसं वाटावं म्हणून, त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं छोटं चित्रण केलं. महिनाभराहून अधिक काळ रोज एक चौकट. पडद्यावर काही क्षणांत अंकुर फुटून वेल झाला. भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीला असा एक माणूस कुंडीसमोर रोज येऊन थांबत होता, हे मला नेहमी धीर देतं.

तेव्हा आपणही थांबू. एक भिंत निवडा जिच्यावर झाडाची सावली पडते. काँग्रेसनगरच्या मेट्रो स्टेशनकडे खांबांच्या सावल्या रस्त्यावर पट्ट्यांसारख्या पडतात, तेही चालेल. उजेड कुठे, सावली कुठे ते ठरवा. चौकट बांधा. मग त्यातून कुणीतरी जाण्याची वाट पाहा. सायकलवाला. भाजीची हातगाडी. कॉलेजची दोन मुलं. दहा मिनिटं काहीच होणार नाही. ती दहा मिनिटं आपली आहेत. पाय दुखले तर दुखू द्या. शेवटी कुणीतरी उजेडाच्या तुकड्यात पाऊल टाकेल. पाठमोरा, ओळखू न येणारा, फक्त एक चालणारी आकृती आणि तिची सावली. सातवा.

आता मला एका न काढलेल्या फोटोबद्दल सांगायचं आहे.

धंतोली आज दवाखान्यांची वस्ती आहे. गल्लीगल्लीत रुग्णालयं, समोर औषधांची दुकानं. विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतून माणसं इथे येतात. पायऱ्यांवर, दुभाजकावर, झाडाखाली डबा उघडून बसतात. एका हिवाळ्यातल्या सकाळी मी असाच कॅमेरा घेऊन निघालो होतो. एका रुग्णालयाबाहेर एक म्हातारे गृहस्थ एक्स-रेचा लिफाफा उन्हाकडे धरून बघत होते. कोवळं ऊन, लांब सावली, लिफाफ्यातून झिरपणारा निळसर उजेड, वर बघणारा सुरकुतलेला चेहरा. सगळं जुळून आलं होतं. माझं बोट अर्ध्या दाबावर होतं.

त्या अर्ध्या दाबानंच मला थांबवलं. हिरव्या चौकटीत त्यांचा चेहरा स्पष्ट झाला आणि त्यांच्या ओठांची थरथर दिसली. मी बोट उचललं. कॅमेरा खिशात घातला. ते म्हणाले, "बाबूजी, हे वाचता येते का तुम्हाले?" मला वाचता आलं नाही. आम्ही दोघं आत गेलो आणि एका नर्सताईंना शोधून काढलं.

तो फोटो माझ्याकडे नाही. तरी माझ्या सगळ्या फोटोंमध्ये तो मला सर्वांत स्पष्ट दिसतो. दुसऱ्याच्या दुःखावर पडलेला सुंदर उजेड हा आपल्यासाठी पडलेला नसतो. धंतोलीत राहून मी हे शिकलो. कॅमेरा जितका छोटा, तितका तो खिशात घालणं सोपं.

दिवेलागण

संध्याकाळ झाली. धंतोलीतला रामकृष्ण मठ 1928 पासूनचा आहे. आरतीच्या वेळी जाऊन बसा. तिथे कॅमेरा खिशातच राहू द्या. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या आणि बघा, कमी उजेडातही आपल्याला किती दिसतं.

हे आपल्या डोळ्यांचं मोठेपण आहे, आणि तिथेच आपली फसगत होते. भर दुपारच्या उन्हात जेवढा उजेड असतो, त्याच्या पाचशेव्या-हजाराव्या भागाएवढा रात्री घरातल्या ट्यूबलाइटखाली असतो. डोळे जुळवून घेतात, म्हणून आपल्याला खोली उजळच वाटते. नखाएवढ्या सेन्सरला मात्र तो अंधार वाटतो. फोटो हलतो, रवाळ होतो.

म्हणून मठातून बाहेर आल्यावर आकाशाकडे बघा. सूर्य मावळून वीसेक मिनिटं झाली असतील. आकाश गडद निळं, दुकानांचे दिवे लागलेले. दिव्यांचा आणि आकाशाचा उजेड आता तोलात आहे. थोड्याच वेळात आकाश काळं होईल. कॅमेरा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवा. रुमालात दोन मुठी तांदळांची पुरचुंडी बांधून आणली असेल तर तिच्यावर टेकवा, कॅमेरा हवा तसा बसतो. आयएसओ, म्हणजे उजेडाला सेन्सर किती संवेदनशील राहील तो आकडा, 100 वर ठेवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्यानं तो हलणार नाही. बटण दाबून हात काढून घ्या आणि तुम्हीही स्तब्ध उभे राहा. आठवा. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी एक. नववा.

फ्लॅशची आठवण होईल. तो बारीकसा दिवा साधारण तीन मीटरपर्यंतच पोचतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. नाट्यगृहात दहाव्या रांगेतून फ्लॅश मारला तर पुढच्यांची डोकी उजळतात आणि रंगमंच काळाच राहतो. घरात जवळून मारला तर चेहरा पिठासारखा होतो आणि मागच्या भिंतीवर कडक, काळी सावली चिकटते. फ्लॅशचा खरा उपयोग भर दुपारी आहे, उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांखालची काळोखी भरायला.

उरलेले तीन

घरी या. तीन फोटो शिल्लक आहेत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचे.

पण आज रात्री घरातले जुने फोटो काढून बसा. अल्बम, खोके, पाकिटं. प्रत्येक फोटोत कोण आहे ते बघू नका. कोण नाही ते बघा.

आमच्या घरी बाबांनी क्लिक थ्रीवर काढलेले फोटो आहेत. आई तुळशीपाशी, ताई पहिल्या दिवशी शाळेच्या दप्तरासह, मी आजीच्या कडेवर. बाबा कुठेच नाहीत. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला फोटो मिळेना. शेवटी ऑफिसच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. त्यात ते गंभीर आहेत, कुणीतरी हलू नका म्हटल्यासारखे.

बऱ्याच वर्षांनी मी ते चौकोनी फोटो पुन्हा बघत होतो. क्लिकच्या साध्या भिंगाला भरपूर ऊन लागायचं, म्हणून त्या काळी सांगत, सूर्य पाठीशी ठेवा. बाबा तसंच करत. संध्याकाळी सूर्य क्षितिजापासून 20 अंशांवर आला की माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पावणेतीनपट लांब होते. ताईच्या दप्तराच्या फोटोत, खाली उजव्या कोपऱ्यातून एक लांब सावली आत आली आहे. डोळ्याशी धरलेला डबा, दोन्ही कोपरं अंगाला टेकवलेली, मान किंचित खाली. ती सावली ताईच्या पायांशी येऊन थांबली आहे, तिच्यावर पडलेली नाही. बाबा जमिनीकडे का बघत होते ते मला त्या दिवशी कळलं. आपली सावली लेकरांच्या अंगावर पडू नये, एवढंच ते बघत होते.

इथे थांबा. तुमच्या घरात फोटोंत नसलेलं माणूस कोण?

सकाळी त्या माणसाला खिडकीपाशी बसवा, संत्रं ठेवलं होतं तिथे. स्वयंपाकघरात असतील तर तिथल्या खिडकीपाशी. साडी बदलू नको, केस विंचरू नको म्हणा. एका गालावर उजेड येऊ द्या, दुसऱ्या बाजूला भिंत असू द्या. भिंग पुसा. फ्लॅश बंद. जवळ बसा, डोळ्यांच्या उंचीवर. काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर द्यायला त्यांना आवडेल. अर्धं दाबा आणि ऐकत राहा. दहावा. पुन्हा ऐका. अकरावा.

बारावा फोटो तुम्ही काढू नका. कॅमेरा त्यांच्या हातात द्या. अर्धं कसं दाबायचं ते त्यांचं बोट धरून दाखवा. मग त्यांच्या जागी, त्या खिडकीपाशी तुम्ही बसा. त्यांचा हात हलेल. चौकट तिरकी होईल. तुमचं डोकं वरून कापलं जाईल कदाचित. तरी हे तीन फोटो छापून घ्या, चार बाय सहाच्या कागदावर, आणि मागे पेन्सिलीनं तारीख लिहा.